मामा, आम्ही ऑटोमॅटिक घेतोय आणि तू काढतोयस?

मागच्या महिन्यात भाच्याचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, नवीन गाडी बुक केली म्हणून. ऑटोमॅटिक घेतली, मॅन्युअलपेक्षा लाखभर जास्त गेले पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय तरी वाचेल असं म्हणाला. मी तेव्हा इकडे मिशिगनमध्ये गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून १९६६ च्या फोर्ड मस्टँग गाडीखालून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोडवत होतो, तोंडावर तेल. त्याला सांगितलं की हा काढून मॅन्युअल घालतोय, तर तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "मामा, तू पैसे देऊन मागे चाललायस."

त्याचं काही चुकलं नाही. अमेरिकेत नव्या गाड्यांमध्ये मॅन्युअल आता शंभरात जेमतेम एक-दोन उरल्यात, इथली तरुण पोरं तीन पेडल बघून घाबरतात, आणि त्याच देशात जुन्या गाड्यांचे शौकीन हजारो डॉलर घालून ऑटोमॅटिक काढतात आणि हाताने गिअर टाकायची सोय करून घेतात. हे कशासाठी, आणि करायचंच असेल तर बाजारात असलेल्या डझनभर गिअरबॉक्समधला कुठला निवडायचा, हे नीट सांगतो. आधीच सांगून ठेवतो, सगळे जण सुरुवात गिअरबॉक्सच्या नावापासून करतात (मी पण तेच केलं), आणि तिथेच गणित चुकतं.

आधी गिअर म्हणजे नेमकं काय

गिअरवाली सायकल डोळ्यासमोर आणा. घाट चढताना हलका गिअर, पाय गरागरा फिरतात, सायकल मुंगीच्या पावलाने जाते पण चढते. सपाटीला जड गिअर, पाय निवांत आणि सायकल सुसाट. इंजिनचंही तेच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साधारण तीन फेरे झाले की गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो. या 'किती फेऱ्यांना एक फेरा' आकड्याला रेशो म्हणतात, आणि हा एक शब्द लक्षात ठेवलात तरी पुढचं सगळं कळेल. रेशो ३ म्हणजे ताकद तिप्पट, वेग एक तृतीयांश. रेशो १ म्हणजे जसंच्या तसं. रेशो एकपेक्षा कमी, समजा ०.६८, म्हणजे इंजिन निवांत आणि बाहेरचा शाफ्ट त्याच्यापेक्षा जोरात, याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

आता गंमत अशी की १९६० च्या दशकातल्या बहुतेक अमेरिकन चार-गिअरवाल्या बॉक्समध्ये चौथा गिअर म्हणजे बरोबर १. पाचवा नाहीच. तेव्हा पेट्रोल गॅलनला बत्तीस-तेहतीस सेंट, इंजिनं अजस्र, इंजिन किती फिरतंय याची पर्वा कुणाला होती! माझ्या गाडीचं इंजिन २८९ क्युबिक इंच, म्हणजे ४.७ लिटर, व्ही-८ (आठ सिलिंडर, इंग्रजी V च्या आकारात मांडलेले), आणि तेव्हा हे लहान व्ही-८ समजायचे, याच्यावरची मोठी धेंडं वेगळीच.

मस्टँगची अगदी बेसिक गाडी मॅन्युअलच यायची, तीन गिअरची. इतर कित्येक साध्या अमेरिकन गाड्यांना तीन गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना हे लगेच कळेल, ड्रायव्हर स्टिअरिंगखालचा दांडा वर-खाली करायचा तसंच. त्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, नाहीतर अमेरिकन लोकांना डेमोला पाठवलं असतं.

सिंक्रोमेश: चालती लोकल पकडायची कला

आणखी एक शब्द. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे असतात. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस काय करतो, प्लॅटफॉर्मवर चार पावलं गाडीबरोबर पळतो, वेग जुळला की पाय टाकतो. (करू नका, पण करणारे सगळ्यांनी पाहिलेत.) गिअरबॉक्समध्ये हे पळायचं काम पितळेची एक रिंग करते, ती घासून दोन्ही भागांचा वेग जुळवते आणि मग गिअर गपकन बसतो. हेच सिंक्रोमेश. ते नसेल तर खर्रर्र. आपल्याकडे जुन्या ट्रकचे ड्रायव्हर दोनदा क्लच दाबून गिअर टाकायचे ते याचमुळे.

याचा निवडीशी संबंध असा की सहा सिलिंडरच्या १९६६ मस्टँगमध्ये जो तीन-गिअरवाला बॉक्स होता त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. कुणी म्हणालं की स्वस्तात ओरिजिनल तीन-गिअरवाला मिळतोय तर हे आधी विचारा.

आता मुद्द्याचं: मागचा अ‍ॅक्सल

गिअरबॉक्समधून निघालेला फेरा प्रोपेलर शाफ्टने मागे जातो आणि चाकांपर्यंत पोचायच्या आधी डिफरन्शियलमध्ये, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात तिथे, आणखी एकदा कमी होतो. त्याचा स्वतःचा रेशो असतो, पुढे नुसतं 'अ‍ॅक्सल' म्हटलं की हाच रेशो समजा. अमेरिकन गाड्यांत तो २.८० पासून ४.११ पर्यंत काहीही असू शकतो, त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांत पण वेगळा निघतो. आणि चाकांना जे मिळतं ते या दोन्हींचा गुणाकार.

चहाचं उदाहरण घ्या. पावडर किती घालायची हे दूध किती आहे ते बघितल्याशिवाय ठरत नाही. गिअरबॉक्स ही पावडर आणि अ‍ॅक्सल हे दूध. लोक महागातली पावडर आणतात आणि पातेल्यात दूध किती हे बघतच नाहीत.

जुने जाणकार एक अंदाज सांगतात: पहिला गिअर गुणिले अ‍ॅक्सल हे दहाच्या आसपास असावं. आठाच्या जवळ गेलात तर सिग्नलला क्लच घासत घासत निघावं लागतं, बाराच्या जवळ गेलात तर पहिला गिअर टाकला न टाकला तोच दुसरा टाकायची वेळ येते.

माझ्या गाडीचा अ‍ॅक्सल ३.००. तुमचा माहीत नसेल तर साधा उपाय आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, पुढच्या चाकांना उटी लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला (आणि खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली डोकं घालू नका), शाफ्टवर खडूने खूण करा, उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. साधं डिफरन्शियल असेल तर तोच तुमचा रेशो. तीनच्या थोडा पुढे गेला तर ३.२५, साडेतीनच्या किंचित पुढे तर ३.५५, असं.

कागदावर मांडून बघितलं तेव्हा काय दिसलं

माझं स्वप्न होतं टॉपलोडर. फोर्डचा १९६४ सालापासूनचा चार-गिअरवाला, बिडाचं कास्टिंग, झाकण वरच्या बाजूला म्हणून हे नाव, आणि मोडायचा म्हटला तरी मोडत नाही अशी ख्याती. तो टाकताना हाताला जे जाणवतं ना, बंदुकीचा खटका ओढल्यासारखं, त्याला तोड नाही. पहिला गिअर दोन प्रकारात यायचा, २.७८ आणि २.३२.

आता गुणाकार करा. २.७८ गुणिले ३.०० म्हणजे ८.३४. म्हणजे निघताना सुस्त. आणि हायवेला? चौथा १ आहे, माझी चाकं साधारण २५ इंचाची, इथल्या हायवेचा वेग ताशी ७० मैल म्हणजे ११२ किलोमीटर, हिशेबाने इंजिन मिनिटाला २८०० च्या थोडं वर फिरणार. जुन्या ऑटोमॅटिकवर पण साधारण एवढंच फिरत होतं! म्हणजे हजारो डॉलर आणि पाठीचा मणका घालवून निघायला सुस्त आणि हायवेला होतं तसंच. सुस्ती घालवायला अ‍ॅक्सल ३.५५ केला तर पहिला गिअर ९.८७, झकास, पण हायवेला इंजिन ३३०० च्या वर बोंबलणार, शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलायचं. साठच्या दशकातल्या लोकांनी नेमकी हीच तडजोड केली होती, कारण त्यांच्याकडे पाचवा गिअरच नव्हता.

पाचवा गिअर ही तडजोडच संपवतो. १९८० च्या दशकातल्या व्ही-८ मस्टँगमध्ये बोर्ग-वॉर्नरचा टी-५ नावाचा पाच-गिअरवाला यायचा, पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८. ३.३५ गुणिले ३.०० म्हणजे १०.०५. बरोबर दहा! आणि हायवेला इंजिन १९०० च्या आसपास. अ‍ॅक्सलला हात न लावता दोन्ही प्रश्न सुटले. तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवला, बायको म्हणाली आता हा जेवणाचं बिल पण गुणिले ३.०० करणार.

पण हाच टी-५ जर ३.५५ च्या अ‍ॅक्सलवाल्याने घातला तर गुणाकार जवळजवळ १२, पहिला गिअर नावापुरता उरतो. त्याने पहिला २.९० च्या आसपास असलेला पाच-गिअरवाला बघावा. म्हणून सांगतो, कुणाच्या गाडीत काय छान चाललं याला अर्थ नाही, त्याचा अ‍ॅक्सल विचारा.

"मग सगळ्यात दणकट घेऊन टाकायचा ना?"

हा पहिला आक्षेप, आणि आपल्या माणसाच्या डोक्यात हटकून येणारा. एकदाच घ्यायचं तर चांगलं घेऊ.

गिअरबॉक्सची ताकद टॉर्कमध्ये मोजतात, टॉर्क म्हणजे पिळायची ताकद, घट्ट बरणीचं झाकण उघडताना मनगटात लागते ती. माझ्या २८९ चा कारखान्याचा आकडा २८२ पाउंड-फूट, म्हणजे ३८० न्यूटन-मीटरच्या वर. आपल्याकडच्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकचा ११० ते ११५ असतो, म्हणजे तिप्पट. अर्थात साठच्या दशकातले आकडे फुगीर असायचे, इंजिन बाकडावर ठेवून, फॅन-अल्टरनेटर-सायलेन्सरचा भार नसताना मोजलेले, प्रत्यक्षात बरेच कमी. १९९० ते ९३ च्या मस्टँगमधला टी-५ ३०० पाउंड-फुटांसाठी बनवलेला आहे, त्याच्या आधीचा २६५ साठी. साधं इंजिन, साधे टायर, माणसासारखं चालवणं, एवढ्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. चिकट रेसिंग टायर लावून क्लच आपटणार असाल तर त्याचे दात हातात येतील, तिथे तो घेऊच नका.

त्याच्या वरचा टप्पा म्हणजे ट्रेमेकचा टीकेएक्स. ट्रेमेक ही मेक्सिकोतली कंपनी, बोर्ग-वॉर्नरचा मॅन्युअल गिअरबॉक्सचा धंदा तिनेच घेतला. २०२१ च्या सुमारास आलेला टीकेएक्स ६०० पाउंड-फूट झेलतो आणि मुद्दाम जुन्या गाड्यांच्या अरुंद बोगद्यात बसेल असा केलाय. (बोगदा म्हणजे दोन पुढच्या सीटच्या मधला उंचवटा, गिअरबॉक्स त्याच्या पोटात असतो.) त्याच्याही वर सहा-गिअरवाला मॅग्नम, ७०० पाउंड-फूट, दोन-दोन ओव्हरड्राइव्ह. ऐकायला भारी, पण आकाराने धिप्पाड, साठच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांत बोगदा कापून वर नवीन पत्रा वेल्ड करावा लागतो. आणि माझ्यासारख्या ३.०० च्या अ‍ॅक्सलवर त्याचा सहावा टाकला तर इंजिन इतकं हळू फिरेल की चढाला धापा टाकेल. जो गिअर कधी टाकताच येणार नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे.

माझं सरळ मत: इंजिनात काही कारभार केलेला नसेल तर लहान व्ही-८ ला टी-५ पुरे. वजन पण साधारण ३४ किलो, एकट्या माणसाला छातीवर घेऊन वर चढवता येतो (मी चढवला, दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो नाही). इंजिन वाढवलेलं असेल किंवा वाढवायचा किडा डोक्यात असेल तर टीकेएक्स, नुसता बॉक्सच तीन हजार डॉलरच्या घरात जातो, क्लचसकट सगळं किट त्याच्या बरंच पुढे.

शेवी आणि क्रायस्लरवाल्यांसाठी थोडक्यात

गणित तेच, नावं वेगळी. शेव्रोलेकडे (म्हणजेच शेवी) १९६३ ते ७४ मध्ये मन्सी नावाचा चार-गिअरवाला, इंडियानातल्या मन्सी गावात बनायचा म्हणून. त्याचे एम-२०, एम-२१ आणि एम-२२ असे तीन प्रकार. एम-२२ चे दात जरा सरळ कापलेले, ताकद जास्त पण आवाज घूंSS असा, म्हणून त्याला रॉक क्रशर म्हणतात, आपल्या भाषेत खडी मशीन. लोक त्या आवाजासाठी जास्त पैसे मोजतात, आता काय बोलणार. क्रायस्लरचा ए-८३३, तो पण दणकट, १९७० पासून त्याच्या काही गाड्यांना पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअर लिव्हर यायचा. तिघांचाही चौथा गिअर १ च, म्हणजे हायवेचं दुखणं तिथेही तसंच.

"बॉक्स घेतला की झालं ना?"

नाही हो. खरा खर्च आणि खरा वेळ इथे जातो. ऑटोमॅटिक गाडीत क्लच पेडलच नसतं, ब्रेकचं पेडल रुंद असतं, ती सगळी पेडलची असेंब्ली मॅन्युअल गाडीची लागते. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणारी जड चकती), क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली घंटेसारखी बेल हाउसिंग, गिअरबॉक्स खालून धरणारा आडवा पाट, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच. शाफ्टचं टोक माझ्या नशिबाने जुळलं, जुन्या ऑटोमॅटिकचे आणि टी-५ चे खाचे सारखेच, २८. लांबी मोजून बघितली, चालली. तुमची चालेलच असं नाही, कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो.

मी गाढवपणा केला तो फ्लायव्हीलमध्ये. नव्वदच्या दशकातल्या मस्टँगचं वापरलेलं फ्लायव्हील स्वस्तात मिळालं, भोकं जुळली, खूश. लावायच्या आधी एका म्हाताऱ्या मशीनवाल्याला सहज दाखवलं तर त्याने नुसती मान हलवली. झालं असं की फोर्डची ही इंजिनं मुद्दाम फ्लायव्हीलला एका बाजूला वजन लावून बॅलन्स करतात, जुन्या २८९ ला ते २८ औंस, आणि १९८० च्या दशकापासूनच्या त्याच घराण्यातल्या इंजिनांना ५० औंस. चुकीचं लावलं असतं तर गाडी पिठाच्या गिरणीसारखी थरथरली असती आणि मी महिनाभर शाफ्टला शिव्या देत बसलो असतो. ते फ्लायव्हील आता गॅरेजचं दार उघडं धरायला वापरतो.

दुसरी गोष्ट जी लोक हमखास टाळतात ती म्हणजे बेल हाउसिंगचं भोक क्रँकच्या (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) बरोबर मध्यावर आहे का ते डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मोजमाप, लावून बघणं. फरक एका इंचाचे पाच सहस्रांश, म्हणजे जाडसर कागदाएवढाच चालतो. जास्त असेल तर नवीन बॉक्स पण गिअर अडकवतो आणि बेअरिंग खातो, मग लोक बॉक्सच्या नावाने खडे फोडतात.

आणि तेल. माझ्या टी-५ मध्ये पातळ ऑटोमॅटिकचंच तेल जातं, जुन्या टॉपलोडरमध्ये जाड गिअर ऑइल. "जाड ते चांगलं" म्हणून टी-५ मध्ये जाड ओतलं की थंडीत, आणि मिशिगनची थंडी म्हणजे थंडीच, दुसरा गिअर पडायचं नाव घेत नाही.

"ओव्हरड्राइव्हच हवा होता तर ऑटोमॅटिकमध्येही मिळतो की"

मिळतो. चार-गिअरवाले ऑटोमॅटिक पण जुन्या गाड्यांत बसवतात, आणि नुसता हायवेचा आवाज कमी करायचा असेल तर तो रस्ता वाईट नाही. मायलेजचं पण सांगून टाकतो, हायवेला थोडं वाढेल, पण त्या बचतीतून हा खर्च वसूल करायचा तर गाडी नातवाच्या नातवाने चालवायला हवी.

मॅन्युअल घालायचं कारण एकच, मजा. आपण सगळे मॅन्युअलवरच शिकलो, मी कोल्हापुरात मामाच्या जीपवर शिकलो, त्यामुळे इथल्या लोकांना जे अ‍ॅडव्हेंचर वाटतं ते आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. फक्त इथे गिअर उजव्या हाताला, पहिला आठवडा माझा डावा हात खिडकीच्या काचेच्या हँडलवर जात होता.

ट्रॅफिकचं मात्र भाच्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून, हजारोंनी गाड्या, आणि वेग आषाढी वारीचा. तिथे चार तास क्लच दाबल्यावर पाय लटलट कापतात. शेजारून ऑटोमॅटिकवाला एका हातात आइस्क्रीम धरून जातो.

"पण ओरिजिनल गाडीची किंमत पडेल"

गाडीवर अवलंबून. कारखान्यातून आलेलं इंजिन-गिअरबॉक्स जसंच्या तसं असलेली एखादी दुर्मीळ गाडी असेल तर तिला पाना लावू नका, विकत घेणारा पहिलं तेच बघतो. पण १९६६ मॉडेलच्या मस्टँग सहा लाखांच्या वर बनल्या, त्यातली माझी साधी, मधल्या इंजिनची, रंग पण दोनदा बदललेला. तिथे ओरिजिनलपणाचा बाऊ करण्यात अर्थ नाही. तरी एक पथ्य पाळलं, पत्रा कुठेच कापला नाही, नवीन भोक पाडलं ते फक्त गिअरच्या लिव्हरसाठी जेवढं लागतं तेवढं, आणि बाकी सगळं नटबोल्टवर, म्हणजे पुढच्या मालकाला परत करायचं तर एका वीकेंडचं काम.

जुना ऑटोमॅटिक गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीत गुंडाळून ठेवलाय, पेडल-बिडल, नटांची पिशवी, सगळं त्याच्याबरोबर बांधून. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, दिला नाही. भाचा म्हणतो पुण्याला पाठव, आमच्या सोसायटीत सगळ्यांना हवाय.